टू-स्ट्रोक डर्ट बाईक आणि अडलेलं पेट्रोल

पन्नास सीसीची छोटी डर्ट बाईक दोन-तीन महिने उभी राहिली आणि आता किक मारून मारून पाय दुखायला लागला, तर घाईने कार्बोरेटर खोलू नका. आधी स्पार्क प्लग काढा. चोक लावून सहा-सात किका मारायच्या आणि लगेच प्लगचं टोक बघायचं. टोक कोरडं ठणठणीत असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास येतोय, तर पेट्रोल पोचतंय, पण एकतर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येतंय. एवढ्या एका तपासणीत अर्धं काम होतं, तरी बहुतेक लोक ती सोडून थेट पान्याला हात घालतात.

प्लग कोरडा असेल तर टाकीपासून खाली यायचं. काम मोकळ्या जागेत आणि इंजिन गार असताना करायचं, जवळपास विडी-सिगारेट नको. कार्बोरेटरला जोडलेली नळी सोडून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड यायला हवी. सुरुवातीला चांगली आली आणि मिनिटाभरात थेंबथेंब गळायला लागली, तर टाकीचं झाकण सैल करून बघा. धार पुन्हा वाढली तर दोष झाकणाच्या हवेच्या छिद्रात आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुडगुडत, अडत अडत येतं, म्हणून आपण समोर दुसरं भोक पाडतो. इथेही तेच घडतं. या गाड्यांना बहुधा पेट्रोलचा पंप नसतो, पेट्रोल निव्वळ उंचीच्या जोरावर उतरतं. टाकीत हवा शिरली नाही तर आत पोकळी तयार होते आणि तीच पेट्रोलला धरून ठेवते. गाडी दहा मिनिटं छान चालून बंद पडते आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर पहिला संशय या छिद्रावर घ्यावा. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर कॉकची जाळी आणि मधला फिल्टर काढून साफ करा.

धार ठीक आहे, तर पुढचा मुक्काम फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाचं भांडं. त्यात तरंगणारा फ्लोट सुई वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे गोल थेंब किंवा तांबूस गाळ दिसला तर कारण हातात आलं. कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळत असेल तर उलटा प्रकार आहे. फ्लोटच्या सुईचं टोक झिजलंय, त्यात कचरा अडकलाय किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडतोय. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके दोन ठोके दिले की अडकलेली सुई कधीकधी सुटते, पण ते तात्पुरतं. कॉक उघडा ठेवून अशी गाडी रात्रभर उभी केली तर पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत भरतं आणि सकाळी किक दगडासारखी लागते. तेव्हा जोर लावू नका. कॉक बंद करा, प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा आणि हळूहळू किक फिरवून पेट्रोल बाहेर येऊ द्या.

आता कार्बोरेटरमधली सर्वांत बारीक वाट, म्हणजे पायलट जेट. जेट म्हणजे आरपार भोक असलेला छोटा पितळी तुकडा, त्यातून पेट्रोल मोजून जातं. मेकॅनिक तिला स्लो जेटही म्हणतात. तिचं भोक साधारण ०.४ मिलिमीटरचं असतं. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर उरतो. समजा, तो थर भोकाच्या भिंतीवर सगळीकडून फक्त ०.०५ मिलिमीटर जमला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. व्यास ०.४ वरून ०.३ वर आला. पण पेट्रोल किती जाणार हे क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून उरली जेमतेम ५६ टक्के वाट. मोठ्या इंजिनाच्या मोठ्या जेटला एवढ्या थराने फारसा फरक पडला नसता. छोट्या गाड्या उभ्या राहून जास्त हट्टी होतात त्या यामुळे.

जेट काढून उजेडाकडे धरा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. साफ करायला कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. फारच अडलं तर मऊ तांब्याच्या वायरीतली एकच तार चालेल, टाचणी किंवा पिन नको. पितळ मऊ असतं, भोक एकदा रुंदावलं की जेट बदलावीच लागते. काढताना खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हरच घ्या, कारण खाच गोल झाली की ती जेट निघता निघत नाही. जेट साफ करून भागत नाही, कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटांमधूनही हवा मारायला हवी. गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, हे या जेटचंच नेहमीचं लक्षण.

गाडी चालू होते पण नीट पळत नाही, तेव्हा दोष थ्रॉटलच्या कोणत्या उघडण्यावर येतो ते बघा. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. बंद स्थितीपासून आठव्या भागापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूची (मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या बारीक स्क्रूची) सत्ता असते. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटलसोबत वर सरकणाऱ्या भागाच्या तिरप्या कापाची, पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडला लटकणाऱ्या निमुळत्या नीडलची आणि त्यापुढे मेन जेट या मोठ्या जेटची. इंजिन किती वेगाने फिरतंय याला इथे फार महत्त्व नाही, थ्रॉटल किती उघडलाय ते मोजायचं. अर्ध्या थ्रॉटलवर अडखळणाऱ्या गाडीची मेन जेट बदलत बसणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला बाम लावणं.

पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. गाडी चालू असताना कॉक बंद करा. वाटीतली पातळी उतरत जाते तसं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलला कमी होत जातं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी छान पळाली तर आधीचं मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं होतं. तसं असेल तर एअर फिल्टरचा फोम आधी बघा. तो धुळीने किंवा जास्त तेलाने तुंबला की मिश्रण जाड होतं. चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली तर आधीचं मिश्रण पातळ होतं. एअर स्क्रू फिरवताना तो कुठल्या बाजूला आहे हेही बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर मिश्रण पातळ होतं, इंजिनाच्या बाजूचा असेल तर जाड. सुरुवात पूर्ण आत बसवून दीड वळण बाहेर, अशी करतात.

पातळ मिश्रणाला हलकं घेऊ नका. चार-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळ्या वाटेने फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, तेल आणि हवा एकत्र क्रँककेसमधून जातात, बेअरिंग आणि पिस्टनला तेल त्याच प्रवासात मिळतं आणि पेट्रोलची वाफ होताना थंडावाही मिळतो. पेट्रोल कमी आलं म्हणजे तेलही कमी आलं आणि उष्णता वाढली. शेवटी पिस्टन सिलिंडरला घासतो आणि इंजिन सीझ होतं. तेलाचं प्रमाण ३२ ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलात ३१ मिलिलिटर तेल, ४० ला १ असेल तर २५ मिलिलिटर. पाच लिटरला ३२ ला १ प्रमाणे सुमारे १५६. अंदाजाने झाकणभर ओतू नका. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून तेल वाढवलं की तेवढंच पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. गाडीच्या पुस्तिकेतलं प्रमाण पाळा. यामाहाच्या पीडब्ल्यू ५० सारख्या गाडीत तेलाची टाकी वेगळी असते, तिथे पेट्रोलात तेल मिसळायची गरज नाही, पण तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा नाही ना हे बघावं लागतं.

सगळं साफ करूनही मिश्रण पातळच राहिलं तर इंजिन कुठून तरी हवा खातंय. थ्रॉटल सोडल्यावरही रेस उतरत नाही, ही त्याची खूण. कार्बोरेटरचा रबरी बूट, गॅस्केट आणि रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत सोडणारी पातळ पात्यांची झडप) तपासा. रीडची पाती उजेडाला धरा, फट किंवा तुटका कोपरा नको. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी सीलपैकी एखादी गेली असेल तर कारखान्यासारखी परीक्षा घ्यावी लागते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद करून आत सुमारे ६ पीएसआय दाब द्यायचा आणि सहा मिनिटं काटा बघायचा. काटा झपाट्याने उतरला तर साबणाचं पाणी लावून फुगे कुठे येतात ते शोधा. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूची सील गेली तर हवा आत येते. क्लचच्या बाजूची गेली तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर सुटतो आणि गिअरबॉक्समधलं तेल कमी होत जातं.

भारतात पेट्रोलात २० टक्के इथेनॉल (ई-२०) येऊ लागल्यापासून यात भर पडली आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवरच चालवलं तर मिश्रण आपोआप थोडं पातळ होतं आणि मेन जेट एक-दोन आकड्यांनी वाढवावी लागू शकते. दुसरी अडचण पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि मर्यादा ओलांडली की ते पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. ई-१० च्या एका लिटरमध्ये साधारण पाच मिलिलिटर पाणी मावतं, ई-२० मध्ये जास्त. गारव्यात ही क्षमता घटते. टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि कॉक पेट्रोल ओढतो तळातून, म्हणजे इंजिनाला तेल नसलेला थर मिळतो. कोकणातल्या पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर उभी करायची असेल तर टाकी, नळी आणि वाटी तिन्ही रिकामी करा. ठेवलेलं पेट्रोल वापरण्याआधी काचेच्या बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर हलवून एकजीव करायच्या फंदात पडू नका. ते सगळं बाजूला काढून नव्याने मोजून मिश्रण भरा.