दोन वर्षं घरून काम केलं म्हणजे वर्क फ्रॉम होम हक्क होतो का?

ऑफिसला परत या असा मेल आला की ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो, की सलग दोन वर्षं घरून काम केलंत तर तो तुमचा कायदेशीर हक्क झाला, कंपनी आता बोलवू शकत नाही. ज्यांचे रोज चार-चार तास लोकलमध्ये जातात त्यांना हे खरं वाटावं यात नवल नाही, पण भारतात असा सरसकट कायदा नाही.

बहुतेक हे 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीवरून आलं असावं. तिच्यात बाळंतपणाच्या रजेनंतर घरून कामाची तरतूद आली, पण तीही काम तसं असेल आणि दोघांचं ठरलं तरच, म्हणजे मालक परवानगी देऊ शकतो, द्यायलाच हवी असं नाही.

मग बघायचं काय? आपलं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि कामाचं ठिकाण नि बदलीचं कलम नीट वाचा. तिथे पुणे ऑफिस लिहिलंय आणि घरून काम नुसत्या मेलवर तात्पुरतं दिलं होतं, तर कंपनी सहसा परत बोलवू शकते. पण लेटरमध्येच कायम रिमोट लिहिलं असेल आणि बदलीचं कलम नसेल तर तुमची बाजू बरीच भक्कम, तेव्हा लेखी उत्तर द्या आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. फॉरवर्डच्या भरवशावर ऑफिसला जाणं बंद मात्र करू नका, विनापरवानगी गैरहजेरी लागली तर नोकरीवर येतं.