मुलांची पोटगी आणि सरकारी भत्ते (ब्रिटन)

आईवडील वेगळे झाल्यावर मूल ज्याच्याजवळ राहत नाही, त्या पालकाने मुलाच्या खर्चासाठी दुसऱ्या पालकाला नियमितपणे द्यायची रक्कम म्हणजे मुलांची पोटगी. ब्रिटनमध्ये तिला ‘चाइल्ड मेंटेनन्स’ म्हणतात. दोघांपैकी एक जण सरकारी भत्त्यांवर, म्हणजे तिथल्या बोलीत ‘बेनिफिट्स’वर असेल तर दोन प्रश्न उभे राहतात. मूल सांभाळणाऱ्या पालकाला पोटगी मिळाली तर त्याचा भत्ता कमी होतो का? आणि पोटगी भरणाऱ्याचे स्वतःचेच पोट भत्त्यावर चालत असेल तर त्याने किती द्यायचे? आजच्या कायद्यानुसार पहिल्याचे उत्तर ‘एक पेनीही कमी होत नाही’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘बहुतेक वेळा आठवड्याला 7 पौंड’ असे. पहिले उत्तर कायद्यात यायला सतरा वर्षे लागली. दुसरे अजूनही मुलांच्या बाजूचे नाही.

आईवडिलांनी आपापसांत रक्कम ठरवली तर सरकार मध्ये पडत नाही. जमले नाही तर चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसकडे अर्ज करता येतो. ही सेवा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. उत्तर आयर्लंडची सेवा वेगळी असली तरी हिशेबाची पद्धत तीच. मूल 16 वर्षांखालचे, किंवा मान्यताप्राप्त शालेय शिक्षण चालू असल्यास 20 वर्षांखालचे असावे लागते. स्कॉटलंडमध्ये 12 वर्षे पूर्ण झालेले मूल स्वतःही अर्ज करू शकते.

पूर्वपीठिका

1991 च्या चाइल्ड सपोर्ट कायद्याने पोटगी ठरवण्याचे काम न्यायालयांकडून काढून एका सरकारी यंत्रणेकडे दिले. चाइल्ड सपोर्ट एजन्सी या नावाने ती एप्रिल 1993 मध्ये सुरू झाली. मुलाची जबाबदारी टाळणाऱ्या बापांकडून पैसे वसूल करायचे, असे तिचे समर्थन केले जाई. व्यवहारात मात्र इन्कम सपोर्ट हा भत्ता घेणाऱ्या एकट्या आईला या यंत्रणेकडे जाणे भागच होते. नकार द्यायचा तर स्वतःला किंवा मुलांना इजा होण्याची भीती आहे, हे पटवून द्यावे लागे. ते मान्य झाले नाही तर तिचा भत्ता कापला जाई. आणि पोटगी वसूल झालीच, तर तितकीच रक्कम इन्कम सपोर्टमधून वजा होई. बाप पैसे भरे, आईच्या हातात काल होते तेवढेच पैसे आजही राहत आणि बचत सरकारी तिजोरीची होई. मुलाच्या नावाने उभारलेल्या योजनेत मुलाच्या ताटात काहीच जास्त पडत नव्हते. त्यामुळे पैसे देण्यात बापांना अर्थ वाटत नव्हता आणि ते मागण्यात आयांना. यंत्रणेच्या अपयशाची चर्चा करताना बिघडलेल्या संगणकप्रणालींवर आणि साचलेल्या थकबाकीवर बोट ठेवले जाते. ते खरेच आहे, पण मूळ खोट या वजावटीत होती.

सुधारणा तुकड्यातुकड्यांनी झाली. मार्च 2003 पासून नव्या प्रकरणांत पोटगीतले आठवड्याचे 10 पौंड वजावटीतून सुटू लागले. 2005 मध्ये एका आईने थकलेली पोटगी स्वतः न्यायालयात जाऊन वसूल करण्याचा हक्क मागितला, तेव्हा वसुलीचा अधिकार फक्त सरकारी यंत्रणेचा आहे, असा निर्णय तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. म्हणजे यंत्रणा हलली नाही तर आईला दुसरे दार नव्हते. 2006 मध्ये सर डेव्हिड हेन्शॉ यांच्या अहवालाने ही व्यवस्था मोडून नवी उभारायची शिफारस केली आणि 2008 मध्ये नवा कायदा आला. भत्त्यावरच्या आयांवरची अर्जाची सक्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उठली, सूट 20 पौंडांवर गेली आणि एप्रिल 2010 पासून वजावट पूर्णपणे थांबली. आजची चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस डिसेंबर 2012 मध्ये सुरू झाली.

सांभाळणारा पालक भत्त्यावर असेल तर

युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या किंवा बेकार माणसाला महिन्याला मिळणारा मुख्य भत्ता, मोजताना मुलांची पोटगी उत्पन्नात धरत नाहीत. रक्कम 30 पौंड असो वा 600, आपसांत ठरलेली असो वा सरकारी सेवेमार्फत आलेली, भत्ता तेवढाच राहतो. हाउसिंग बेनिफिटलाही, म्हणजे घरभाड्यासाठीच्या भत्त्यालाही, हाच नियम आहे. काउन्सिल टॅक्समधली, म्हणजे राहत्या घरावरच्या स्थानिक करातली सवलत मात्र इंग्लंडमध्ये प्रत्येक काउन्सिल (स्थानिक संस्था) स्वतःच्या नियमांनी देते, त्यामुळे तिथे चौकशी करावी.

लोक फसतात ते दोन ठिकाणी. एक, पोटगी ‘मुलांची’ असेल तरच ही सूट आहे. घटस्फोटाच्या आदेशात पत्नीच्या किंवा पतीच्या स्वतःच्या निर्वाहासाठी दिलेली रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून पौंडाला पौंड वजा होते. महिन्याच्या 200 पौंडांवर आदेशात कोणते नाव लिहिले आहे, यावर घरात 200 जास्त येणार की शून्य, हे ठरते. म्हणून आदेशाचा मसुदा तयार होतानाच वकिलाला हे विचारून घ्यायला हवे. दोन, पोटगी खर्च न होता साठत गेली, किंवा काही वर्षांची थकबाकी एकदम हाती आली, तर ती बचत ठरू शकते. 6,000 पौंडांवरच्या बचतीने युनिव्हर्सल क्रेडिट घटू लागते आणि 16,000 च्या पुढे ते मिळतच नाही.

भरणारा पालक भत्त्यावर असेल तर

नोकरी असलेल्या पालकाची पोटगी करखात्याकडे नोंदलेल्या ढोबळ उत्पन्नावरून, म्हणजे कर कापण्यापूर्वीच्या उत्पन्नावरून काढतात. आठवड्याला 200 ते 800 पौंड मिळत असतील तर एका मुलासाठी 12 टक्के, दोघांसाठी 16 आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी 19 टक्के. 800 च्या वरच्या भागाला कमी दर आहेत. त्याच्या सध्याच्या घरात आणखी मुले असतील तर हिशेबाआधी उत्पन्नातून काही टक्के वगळतात. 100 ते 200 पौंडांच्या दरम्यान 7 पौंड अधिक 100 च्या वरच्या रकमेचा ठरावीक हिस्सा असतो. 150 पौंड मिळवणाऱ्याला एका मुलासाठी 15 पौंड 50 पेन्स भरावे लागतात.

त्याच्या खालचा दर सपाट आहे : आठवड्याला 7 पौंड. 100 पौंडांपर्यंत कमावणारे, तसेच पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा भत्ता), केअरर्स अलाउन्स (आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेणाऱ्याचा भत्ता), स्टेट पेन्शन (सरकारकडून मिळणारे वृद्धापकाळाचे पेन्शन) असे ठरावीक भत्ते घेणारे या दरात येतात. युनिव्हर्सल क्रेडिटचा नियम थोडा वेगळा आहे. पगार शून्य असेल तरच सपाट दर लागतो. पगार कमी म्हणून वरून युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तर नेहमीप्रमाणे उत्पन्नावर हिशेब होतो. नुसते ‘मी बेनिफिटवर आहे’ एवढे सांगून भागत नाही, ते यामुळे. कैदेत असलेल्यांना आणि आठवड्याला 7 पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना काहीच भरावे लागत नाही.

हे 7 पौंड दर मुलामागे नसतात. एक मूल असो वा चार, एकूण रक्कम तीच. दोन वेगवेगळ्या घरांत मुले असतील तर मुलांच्या संख्येप्रमाणे तिचे वाटे पडतात. भरणाऱ्याचा जोडीदारही कुणाला पोटगी देणे लागत असेल आणि घर उत्पन्नाधारित भत्त्यावर चालत असेल, तर प्रत्येकी साडेतीन पौंडच भरायचे. 300 पौंड मिळवणारा दोन मुलांचा बाप आठवड्याला 48 पौंड देत असेल आणि त्याची नोकरी जाऊन तो युनिव्हर्सल क्रेडिटवर आला, तर आईकडे येणारी रक्कम 48 वरून 7 वर घसरते. मुलांचे बूट, शाळेचे जेवण, बसभाडे यांत तेवढी घसरण होत नाही. दहाहून अधिक वर्षे हा आकडा तिथेच आहे आणि या काळात ब्रिटनमध्ये महागाई किती वाढली, हे तिथे घर चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मात्र भरणाऱ्याची बाजूही खरी आहे. 25 वर्षांवरच्या एकट्या माणसाला 2025-26 मध्ये युनिव्हर्सल क्रेडिटचा मूळ भत्ता महिन्याला 400 पौंड 14 पेन्स होता. आठवड्याचे 7 म्हणजे महिन्याचे 30 पौंडांहून थोडे जास्त. दिलेली पोटगी त्याच्या भत्त्याच्या हिशेबात खर्च म्हणून धरत नाहीत. मूल शनिवार-रविवार त्याच्याकडे राहत असले तरी मुलाचा भत्ता मुख्य पालकालाच मिळतो आणि घरभाड्याच्या मदतीत त्या मुलासाठी जादा खोली धरली जात नाही.

मुक्कामाच्या रात्रींचा नियम याच जागी मोठा फरक करतो. भत्त्यामुळे सपाट दरात आलेल्या पालकाकडे मूल वर्षात 52 रात्री, म्हणजे सरासरी आठवड्याला एक रात्र राहिले की पोटगी शून्य होते. नोकरदाराला त्याच 52 रात्रींसाठी फक्त एक सप्तमांश सूट मिळते, म्हणजे 48 चे सुमारे 41 पौंड होतात. भत्ता न घेता 90 पौंडांच्या पगारावर जगणाऱ्याला तर ही शून्याची सवलत नाहीच, त्याचे 7 पौंड चालूच राहतात. रात्रींच्या मोजणीवरून आईबापांत वाद होतात, त्यामागे बहुधा हे आकडे असतात. मूल किती दिवस कुणाकडे राहील, हा प्रश्न मुलाच्या सोयीने सुटायला हवा. हा नियम त्याला पैशाला जुंपतो.

वसुली आणि शुल्क

दोन्ही पालक सेवेने ठरवलेली रक्कम थेट एकमेकांत देऊ शकतात. तसे जमत नसेल तर सेवा स्वतः वसूल करते आणि त्यासाठी भरणाऱ्यावर 20 टक्के जादा लावते, तर घेणाऱ्याच्या रकमेतून 4 टक्के कापते. भत्त्यावरच्या पालकाच्या बाबतीत हे सोपे असते, कारण भत्ते देणारे खाते आणि पोटगीसेवा चालवणारे खाते एकच आहे, डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स. मग त्याच्या भत्त्यातून आठवड्याला 8 पौंड 40 पेन्स कापले जातात आणि मुलाच्या घरी 6 पौंड 72 पेन्स पोचतात. मधले 1 पौंड 68 पेन्स शुल्कात जातात. देशातल्या सर्वांत गरीब दोन घरांमधल्या व्यवहारावर सरकारने असे शुल्क घ्यावे, हे समर्थन करण्याजोगे नाही. अर्जाचे 20 पौंडांचे शुल्क तरी फेब्रुवारी 2024 मध्ये रद्द झाले आहे.

नोकरी लागली किंवा सुटली, भत्ता सुरू झाला किंवा बंद पडला, तर सेवेला लगेच कळवावे. पगारातला साधा चढउतार मात्र 25 टक्क्यांच्या आत असेल तर वर्षाच्या मध्ये हिशेब बदलत नाही. निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

भारतीय कुटुंबांसंबंधी

ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबांच्या परवान्यावर बहुधा ‘सरकारी निधीवर हक्क नाही’ अशी अट असते. तिच्यामुळे युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, घेता येत नाही. पोटगी मात्र सरकारी निधी नाही, ती दुसऱ्या पालकाची देणी आहे. तिच्यासाठी अर्ज केल्याने ही अट मोडत नाही. व्हिसाच्या धास्तीने गप्प बसलेल्या आईला हे कुणीतरी सांगणे गरजेचे असते.

आई, वडील आणि मूल असे तिघेही सर्वसाधारणपणे ब्रिटनमध्ये राहत असतील तरच ही सेवा प्रकरण हाती घेते. वडील पुण्याला किंवा नाशिकला परतले तर, ब्रिटिश कंपनीने परदेशी पाठवल्यासारखे अपवाद सोडून, न्यायालयाचाच मार्ग उरतो. भारतात पोटगीसाठी असा टक्केवारीचा तक्ता नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली दंडाधिकारी परिस्थिती पाहून रक्कम ठरवतात. दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये घालून दिले आहे.