ज्यूसर (घरगुती)

फळांचा किंवा भाज्यांचा रस चोथ्यापासून वेगळा काढणारे, विजेवर चालणारे स्वयंपाकघरातले यंत्र. मिक्सर फळ वाटतो आणि रस, गर, धागे सगळे एकाच भांड्यात ठेवतो. ज्यूसरमधून रस एकीकडे पडतो आणि चोथा दुसरीकडे. हा फरक नीट लक्षात न घेतल्यामुळे बरीच यंत्रे चार महिन्यांत माळ्यावर जातात. आंबा, केळे, चिकू, पपई, सीताफळ ही गराची फळे आहेत. ती ज्यूसरमध्ये घातली तर गर जाळीला चिकटून बसतो आणि हाती जवळजवळ काहीच येत नाही. आमरस आणि मिल्कशेक हे मिक्सरचेच काम. ऊसही घरच्या ज्यूसरला झेपत नाही, त्याला रसवंतीतला चरकच लागतो. ज्यूसरची खरी फळे म्हणजे मोसंबी, संत्रे, सफरचंद, अननस, कलिंगड, द्राक्षे, डाळिंब आणि आवळा. भाज्यांमध्ये गाजर, बीट आणि काकडी.

घरगुती यंत्रांचे तीन प्रकार आहेत. सर्वांत साधा प्रकार लिंबूवर्गीय फळांचा, म्हणजे सिट्रस ज्यूसर. त्यात फिरणारा, धारा असलेला शंकू असतो. अर्धे कापलेले फळ त्यावर दाबले की मोटर चालू होते आणि हात उचलला की थांबते. मोटर लहान, साधारण २५ ते ४० वॉटची. ब्राऊन या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये आणलेला, डीटर राम्स आणि युर्गेन ग्रॉइबेल यांनी आरेखन केलेला सिट्रोमॅटिक याच पद्धतीचा होता, आणि आजही या प्रकाराची रचना फारशी बदललेली नाही.

दुसरा प्रकार केंद्रोत्सारी ज्यूसरचा. नळीतून टाकलेले फळ मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या दातेरी चकतीवर किसले जाते, रस जाळीतून बाहेर फेकला जातो आणि चोथा मागच्या डब्यात पडतो. भारतात हा प्रकार बहुधा ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर या जोडयंत्रातून घरात आला. मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी १९६० च्या दशकात सुमीत मिक्सर आणला आणि भारतीय वाटणघाटण झेपेल अशी दणकट मोटर घरोघरी पोचली. त्याच जातीच्या मोटरवर ज्यूसरचे भांडे बसवणे ही पुढची सोयीची पायरी होती. अशा यंत्रांची मोटर साधारण ४५० ते ७५० वॉटची असते.

तिसरा प्रकार संथगतीचा. बाजारात त्याला स्लो ज्यूसर किंवा कोल्ड प्रेस म्हणतात. त्यात मळसूत्री दांडा मिनिटाला साधारण ४० ते १०० फेऱ्यांच्या गतीने फिरतो आणि फळ जाळीवर दाबून पिळतो. अमेरिकेत नॉर्मन वॉकर यांनी १९३० च्या दशकात नॉरवॉक हे यंत्र पुढे आणले. ते आधी फळ वाटून मग दाबाखाली पिळत असे. आज घरोघरी दिसणारी उभी, आटोपशीर संथ यंत्रे दक्षिण कोरियातल्या ह्युरॉमसारख्या कंपन्यांनी जगभर नेली. गव्हांकुर, पालक, पुदिना अशा पाल्याचा रस काढायचा असेल तर हाच प्रकार घ्यावा. केंद्रोत्सारी यंत्रात पाला जवळजवळ तसाच चोथ्यात जातो. ओल्या नारळाचे दूधही संथ यंत्रातून चांगले निघते.

कोल्ड प्रेसच्या जाहिरातींत ‘उष्णतेने जीवनसत्त्वे मरत नाहीत’ असे हटकून लिहिलेले असते. यावर फार विसंबू नये. केंद्रोत्सारी यंत्रातही फळ चकतीवर काही क्षणच असते आणि तेवढ्यात रस तापत नाही. खरा फरक हवेमुळे पडतो. वेगाने फिरणाऱ्या जाळीत रसात हवा मिसळते, वर फेस येतो, आणि सफरचंदासारख्या फळातले विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने रस तपकिरी करतात. संथ यंत्राचा रस कमी फेसाळतो, रंग जास्त वेळ टिकवतो आणि चोथा अधिक कोरडा निघतो. रस काढून लगेच पिणाऱ्याला या फरकासाठी कितीतरी पट पैसे मोजायची गरज क्वचितच पडते. सफरचंदाच्या रसात थोडे लिंबू पिळले तरी तो लवकर काळवंडत नाही.

निवड करताना वॉट आणि रंग पाहण्याआधी घरात कोणते फळ येते आणि यंत्र रोज कोण धुणार हे ठरवावे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत रस काढला जातो तो मोसंबीचा, तोही आजाऱ्यासाठी किंवा उन्हाळ्यात. अशा घराला मिक्सरच्या जोडीला छोटा सिट्रस ज्यूसर पुरतो. तो स्वस्त असतो, दोन मिनिटांत धुऊन होतो आणि ओट्यावर जागाही अडवत नाही. रोज गाजर-बीटचा रस पिणारे कुटुंब असेल तर केंद्रोत्सारी यंत्र घ्यावे, आणि रसात पालेभाज्या असतील तर संथगतीचे. जाळी स्टीलची आणि सुटी मिळणारी असावी. झाकणाची कडी नीट बसल्याशिवाय मोटर चालू होता कामा नये. सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या गावात मिळते का, हे दुकानातच विचारावे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राबाबत विशेष जपावे. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टचे असते, आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा. ते थेट लावले तर मोटर जळते.

संत्र्या-मोसंबीच्या रसाचा कडूपणा हा या यंत्राच्या वापरातला सर्वांत नडणारा भाग आहे आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या फळांच्या बियांत, सालीखालच्या पांढऱ्या थरात आणि फोडींच्या पापुद्र्यांत एक घटक असतो, जो मुळात कडू नसतो. पेशी फुटून तो आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचे लिमोनिन होते, आणि लिमोनिन कडू असते. म्हणून काढल्याबरोबर गोड लागलेला रस दोन-चार तासांनी कडू होतो आणि घरातल्यांना वाटते की फळच खराब होते. उपाय साधे आहेत. मोसंबी आडवी कापावी, शंकूवर हलक्या हाताने दाबावी आणि पांढरा थर दिसू लागला की थांबावे. शेवटचा थेंब काढण्याच्या हट्टानेच कडूपणा येतो. फळ फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवले आणि ओट्यावर तळव्याखाली फिरवले तर रस सहज सुटतो.

नागपुरी संत्र्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याची साल सैल असते, त्यामुळे अर्धे फळ शंकूवर ठेवले की साल सुटून घसरते आणि गर चिरडला जातो. हे संत्रे सोलून, फोडींतल्या बिया काढून केंद्रोत्सारी किंवा संथ यंत्रात घालावे. बिया काढायचा कंटाळा करू नये, कारण वेगवान चकती त्यांचा चुरा करते. डाळिंबाच्या दाण्यांचेही तेच. बी भरडली गेली की रस तुरट होतो, म्हणून डाळिंबाला संथ यंत्र बरे. ते नसेल तर मिक्सरला एक-दोन झटके देऊन गाळणीने गाळावे. सफरचंदाच्या बिया, आवळ्याची आठळी आणि आलुबुखारसारख्या फळांच्या कोयी आधी काढाव्यात.

यंत्र चालू करून मगच फळ टाकावे. फळ नेहमी दट्ट्याने ढकलावे, बोट किंवा चमचा नळीत कधीही घालू नये. मऊ आणि कडक फळे आलटून पालटून घातली तर काकडीच्या पाण्याने गाजराचा चोथा पुढे सरकतो. जोडयंत्राची मोटर सलग बराच वेळ चालण्यासाठी नसते. किती मिनिटे चालवून किती थांबायचे ते पुस्तिकेत दिलेले असते. मोटर मध्येच बंद पडली तर बहुतेक यंत्रांच्या तळाशी लाल बटण असते. प्लग काढून, यंत्र निवू देऊन ते दाबावे. यंत्र एकाएकी थरथरू लागले तर चोथा जाळीच्या एकाच बाजूला साचला असे समजावे आणि लगेच थांबवून जाळी साफ करावी. जाळीला तडा दिसला तर ती पुन्हा वापरू नये, भर वेगात तिचे तुकडे उडू शकतात.

दुधीच्या रसाबद्दल स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. सकाळी अनशापोटी दुधीचा रस पिण्याची प्रथा अनेक घरांत आहे. एखादा दुधी कडू निघतो, आणि तो कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो. अशा रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सल्ला आहे की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखावा, कडू लागला तर तो फेकून द्यावा, आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये. मिसळल्याने कडू चव झाकली जाते. या विषावर उतारा नाही. रस पिऊन उलट्या किंवा पोटदुखी सुरू झाली तर थांबून न पाहता दवाखाना गाठावा.

रस म्हणजे अख्खे फळ नव्हे. पेलाभर मोसंबीच्या रसासाठी तीन-चार फळे लागतात. त्यांची साखर पेल्यात उतरते आणि तंतू बहुतेक चोथ्यात राहतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे फळांच्या रसातली साखरही मुक्त साखरेत, म्हणजे वरून घातलेली साखर आणि मध यांच्याच गटात, मोजतात आणि अशी साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. मधुमेह असणाऱ्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नये. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी रोज पालकाचा रस पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात ऑक्झलेट हे मूतखड्याला कारण ठरू शकणारे द्रव्य भरपूर असते.

घरच्या रसावर निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया झालेली नसते. १९९६ मध्ये अमेरिकेत ओडवाला कंपनीच्या पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जिवाणूची लागण पसरली आणि एक बालक दगावले. म्हणून फळे सालीसकट आधी धुवावीत, नासका भाग असलेले फळ घेऊ नये आणि उरलेला रस झाकून फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावा.

गाजराचा आणि बिटाचा चोथा थालीपिठात, पराठ्यात किंवा कटलेटमध्ये छान जिरतो. यंत्र मात्र रस पिण्याआधीच धुवावे. वाळलेला चोथा जाळीच्या भोकांत घट्ट बसतो आणि मग तासभर भिजवूनही निघत नाही. जाळी उलटी धरून वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासावी. गाजराचा केशरी डाग प्लास्टिकवर राहिला तर तेलाचे बोट फिरवून मग साबण लावावा. क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर जाळी लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवावी. रबराची वळी काढून वेगळी धुवावी आणि पुरती वाळवून परत बसवावी. ओलसर राहिली तर तिच्याखाली बुरशी धरते.