जुन्या स्पोर्ट्स कारचे भाव शोरूममध्ये ठरत नाहीत

गाडीची पुढे काय किंमत येणार हे बरंचसं ती स्वस्त असताना कोणी जीव लावून सांभाळली यावर ठरतं, आणि हे आजचं नाही. फेरारी २५० जीटीओ घ्या, १९६२ ते १९६४ मध्ये जेमतेम ३६ बनल्या, त्याही रेसिंगसाठी, आणि पुढे साठच्या दशकाच्या शेवटी त्या काही हजार डॉलरला मिळायच्या कारण बाद झालेली रेसकार म्हणजे नुसता खर्च. पण शौकीन मंडळींनी एकेका चॅसिस नंबरचा, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या प्रत्येक गाडीच्या ओळख क्रमांकाचा, इतिहास जमवला, कुठली गाडी कुठल्या शर्यतीत धावली, इंजिन मूळचंच आहे की बदललंय, सगळं. त्यातलीच एक २०१८ मध्ये मॉन्टरेच्या लिलावात ४.८४ कोटी डॉलरला गेली.

मधे १९८८ ला फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले तेव्हा भाव अजूनच पेटले, ज्यांना गाडीत काडीचा रस नाही असे लोकही पैसे लावायला आले, आणि नव्वदच्या सुमारास सगळं धाडकन खाली आलं.

मला स्वतःला टोयोटा सुप्राची गोष्ट सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. तिची १९९३ ला आलेली चौथी पिढी, तिच्यातलं ३ लिटरचं २जेझेड इंजिन इतकं दणकट की लोक मूळचे दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे पंखे) काढून एकच मोठा बसवायचे आणि हजार हॉर्सपॉवरच्या पुढे न्यायचे, त्यात २००१ मध्ये हीच गाडी असलेला 'द फास्ट अँड द फ्युरिअस' सिनेमा आला आणि पोरं वेडीच झाली. म्हणजे ज्या वेडाने गाडीचं नाव मोठं केलं त्याच वेडाने तिच्या मूळ गाड्या संपवल्या, म्हणून आज हात न लावलेली, मूळ टर्बो आणि सहा गिअरच्या मॅन्युअलवाली सुप्रा दिसली की लोक तुटून पडतात, कारण तेव्हाच्या पोरांच्या खिशात आता पैसे आलेत. त्या सिनेमातली नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला विकली गेली.

उलटंही होतं. पोर्शे ९११ ची ९९६ ही नवी पिढी आली तेव्हा एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, इंजिन गेलं, हाफफ्रायसारखे दिसणारे हेडलाइट पोर्शेच्याच स्वस्त बॉक्स्टरशी सारखे, वर इंजिनमधलं आयएमएस नावाचं बेअरिंग तुटलं तर इंजिनच जाईल ही भीती, त्यामुळे शौकिनांनी तिला आपलं मानलंच नाही आणि कितीतरी वर्षं ती सगळ्यात स्वस्त ९११ राहिली, तर तिच्या आधीची ९९३ शेवटची एअर-कूल्ड म्हणून वर वर जात राहिली. चालवायला ९९६ वाईट नाही हो, अजिबात नाही. आणि बेअरिंगवर बाहेरच्या मेकॅनिक लोकांनी उपाय काढला, त्यामुळे आता ९९६ बघायला जाणारा माणूस हेडलाइटकडे बघतही नाही, आधी बिलांची फाइल मागतो आणि बेअरिंग कधी बदललं ती तारीख शोधतो.