बागेत व्हीलचेअर नेण्याआधी वाट मोजा

व्हीलचेअर भाड्याने किंवा विकत नेणाऱ्या आमच्या नाशिककर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात, "बागेत चालेल अशी खुर्ची आहे का?" आमची साधी घडीची खुर्चीसुद्धा चांगल्या वाटेवर तासभर आरामात फिरते, आणि वाट वाईट असेल तर महागातली महाग खुर्चीही दहा फुटांत अडते. तेव्हा खुर्चीवर जास्त पैसे घालण्याआधी जिथं जायचंय ती वाट एकदा बघून या. सोबत एक मोजपट्टी आणि मोबाइल असला की पुरे.

चढ

गेटपाशी रॅम्प दिसला की आपण निश्चिंत होतो. पण गेटचा रॅम्प पार करायला अर्धं मिनिट लागतं, फिरायचं असतं ते आतल्या वाटेवर.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा जास्त नसावा. म्हणजे एक फूट वर जायचं असेल तर रॅम्प किमान बारा फूट लांब हवा. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतं. फोन एका सरळ फळीवर ठेवा, फळी वाटेवर लांबीच्या दिशेने ठेवा आणि आकडा वाचा. साधारण ४.८ अंश म्हणजे १:१२, आणि २.९ अंश म्हणजे १:२०. फळी नसेल तर घरातली लांब पट्टी चालेल. नुसता फोन जमिनीवर ठेवला तर एखाद्या खड्याने आकडा बिघडतो.

हे आकडे हाताला कसे जाणवतात? माणूस ७० किलोचा आणि खुर्ची १८ किलोची धरली, तर १:१२ च्या चढावर ढकलणाऱ्याला सुमारे सात किलोचा जोर सतत लावावा लागतो. १:८ वर तो अकरा किलोपर्यंत जातो. चाकांचं घर्षण यात धरलेलं नाही. दहा पावलं कुणीही ढकलेल, पण दोनशे पावलांनंतर पासष्टीच्या काकूंचे हात भरून येतात, आणि खुर्चीतले काका "आता परत जाऊ" म्हणतात. त्यांना परत जायचं नसतं, काकूंची दया आलेली असते.

लांब रानवाटेसाठी अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनींवर २०१३ पासून वेगळे नियम आहेत, आणि ते आम्हाला व्यवहारी वाटतात. १:२० पर्यंतचा चढ कितीही लांब चालतो. १:१२ चा सलग साठ मीटर, १:१० चा नऊ मीटर आणि १:८ चा फक्त तीन मीटर, आणि अशा प्रत्येक टप्प्यानंतर थांबायला सपाट जागा हवी. आपल्या बागेत हे नियम लागू नसले तरी "हा चढ जमेल का?" हे ठरवायला कामाला येतात.

आता आडवा उतार. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून वाटेला एका कडेला थोडा ढाळ देतात. तो अंशभर असेल तर कळतही नाही. तीन अंशांच्या वर गेला की खुर्ची सारखी खालच्या कडेला ओढली जाते. जो स्वतः चाक फिरवतो त्याचा एकच हात सगळं काम करतो, दुसरा हात नुसता ब्रेक लावत बसतो. चढापेक्षा या आडव्या उतारानेच लोक जास्त वैतागतात, आणि रॅम्प मोजणारे नेमका तोच मोजायला विसरतात. फळी वाटेवर आडवी टाकून तोही बघा.

जमीन

खुर्ची अडते ती पुढच्या छोट्या चाकांमुळे. साध्या खुर्चीला मागे २४ इंची चाकं असतात, पुढे सहा-आठ इंची. मागचं मोठं चाक बरंच काही ओलांडून जातं, पुढचं मात्र सुपारीएवढ्या खड्यावरही आडवं होऊन थांबतं आणि खुर्चीतला माणूस पुढे झुकतो. म्हणून बागेत पट्टा बांधूनच बसायचं.

काँक्रीट उत्तम. पेव्हर ब्लॉक नवे असताना ठीक, पण झाडाच्या मुळांनी उचलले की कडा वर येतात, आणि पाठीचं ऑपरेशन झालेल्यांना तो खडखडाट सोसत नाही. शहाबादी फरशी कोरडी असेल तर छान, श्रावणात तिच्यावर शेवाळ धरलं की चाकही घसरतं आणि ढकलणाऱ्याची चप्पलही. मुरूम नीट पाणी मारून, रोलर फिरवून दाबला असेल तर रानवाटेला तोच सगळ्यात शोभतो. सुटा असेल, किंवा कुणी हौसेनं वर गोल गोटे पसरले असतील, तर पुढची चाकं रुततात. शहरातले जॉगिंग ट्रॅक बहुतेक मातीचे आहेत. डिसेंबरात त्यांवर खुर्ची मस्त जाते, पण चांगला पाऊस झाला की दोन दिवस थांबा. आपली काळी माती चाकाला एकदा चिकटली की ब्रेकच्या पट्टीत जाऊन बसते. हिरवळ दिसायला मऊ, ढकलायला जड.

लाकडी फळ्यांचा पूल किंवा गटारावरची जाळी असेल तर फटी कोणत्या दिशेनं आहेत ते बघा. फटी वाटेला आडव्या हव्यात आणि अर्ध्या इंचापेक्षा रुंद नकोत. वाटेच्याच दिशेनं असतील तर पुढचं चाक त्यात अडकतं. अशा जागी खुर्ची तिरकी न्या किंवा पुढची चाकं उचलून न्या.

उचलायचं कसं? मागच्या बाजूला खाली पायानं दाबायचा एक नळीचा तुकडा असतो. त्यावर पाय द्या आणि दोन्ही मुठी खाली दाबा, पुढची चाकं अलगद वर येतात. खुर्ची नेताना हे आमच्यासमोर दोनदा करून दाखवायला सांगतो, त्याचा राग मानू नका.

गेट आणि शौचालय

दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून बागेच्या तोंडाशी खांब रोवतात, नागमोडी कठडा करतात किंवा फिरतं फाटक बसवतात. त्या नादात खुर्चीही बाहेर राहते. १८ इंची बैठकीच्या खुर्चीची बाहेरची रुंदी २५-२६ इंच भरते, चाक फिरवणाऱ्या हातांना आणखी जागा लागते. तीन फुटांची मोकळी फट असेल तर बिनधास्त जा. नागमोडी कठड्यात मात्र वळायलाही जागा लागते. पूर्ण गोल फिरायला पाच फूट धरा. बाजूला मोठं गेट असतंच, फक्त त्याला कुलूप असतं आणि किल्ली माळीदादांकडे. आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

शौचालयाचं दार आधी बघून या. घरातली वडीलधारी माणसं "बाहेर गैरसोय नको" म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात तेच अंगाशी येतं. खुर्ची आत जाऊन दार लागलं पाहिजे. दार बाहेर उघडणारं असेल तर आत तेवढी जागा वाचते.

नाशिकमध्ये कुठं

पांडवलेणीला पायऱ्या चढूनच जावं लागतं. खुर्चीसकट उचलून नेऊ, असं म्हणणारे हौशी भाचे प्रत्येक घरात असतात. त्यांना थांबवा. घडीच्या खुर्चीचे हातटेके आणि पायटेके निघणारे असतात आणि उचलताना नेमके तेच हातात येतात. त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी वनविकास महामंडळाचं नेहरू वनोद्यान आहे, शेजारी दादासाहेब फाळके स्मारक. लेण्यांऐवजी तिथं बेत करा. डोंगराचा पायथा म्हटलं की चढउतार आलाच, तेव्हा सगळ्यांनी निघण्याआधी एकानं पुढे जाऊन वरची पद्धत वापरून बघावं.

गोदाकाठच्या वाटा सकाळी फार छान, पण पूर येऊन गेला की गाळ आणि फुटक्या फरश्या मागे राहतात, म्हणून दिवाळीनंतरच. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी खडकांवर खुर्ची नेऊ नका, लांबून बघा.

पक्षी बघायचे असतील तर निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येतात, रोहितही दिसतात. निरीक्षण मनोऱ्यावर चढायला पायऱ्या आहेत, पण मनोऱ्यावाचून अडत नाही. काठावर घट्ट जमीन बघून, पाण्याच्या काठापासून थोडं मागे खुर्ची लावा, दोन्ही ब्रेक लावा आणि दुर्बीण हातात द्या. कुणाकडे तिपाईवरचा टेलिस्कोप असेल तर तिपाई खाली करून घ्या. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतो, आणि उभ्यानं लावलेला टेलिस्कोप त्याच्या उपयोगाचा नाही. निफाडची पहाटेची थंडी ठाऊकच आहे. मणक्याला इजा झालेल्यांपैकी अनेकांना पायांना गारठा लागलेला कळत नाही, त्यामुळे मोजे आणि चादर तुम्ही लक्षात ठेवून घालायची. उन्हाळ्यात हेच उलट होतं: उन्हात राहिलेल्या खुर्चीचा लोखंडी भाग चटका देतो आणि त्यांना समजत नाही.

ढकलणाऱ्यासाठी

उतारावर खुर्ची सरळ खाली नेऊ नका. तीव्र उतार असेल तर ती उलटी वळवा, तुम्ही खालच्या बाजूला राहा आणि मागे मागे सावकाश उतरा. घरातून निघण्याआधी टायरमधली हवा तपासा, कारण साध्या खुर्चीचा ब्रेक टायरवरच दाबला जातो. हवा कमी झाली की ब्रेक लावलेला दिसतो पण धरत नाही. भरीव टायरला हवेची कटकट नाही, आणि बाभळीचा काटा लागला तरी पंक्चर नाही. पण धक्के जास्त बसतात. रानवाटेवर वारंवार जाणार असाल तर हवेचे टायर आणि मागच्या खिशात पंप, असं आमचं मत आहे. दर अर्ध्या तासानं बसलेल्या माणसाला थोडं उचलून किंवा एका बाजूला झुकवून बैठकीवरचा भार कमी करा, नाहीतर जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

आणि विचारल्याशिवाय ढकलू नका. ज्याला स्वतः चाक फिरवता येतं त्याला मागून आलेला धक्का आवडत नाही. फुलं बघत थांबलेल्या माणसाला पुढे नेणं म्हणजे त्याच्या हातातलं पुस्तक मिटवण्यासारखं आहे.

वाट अडवणारी असेल तर

महापालिकेच्या बागेबद्दल उद्यान विभागाला लिहा, वनोद्यानाबद्दल वनविकास महामंडळाला. "दिव्यांगांसाठी सोय नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं, काम होत नाही. "पूर्वेकडच्या गेटवर खांबांमधली फट २२ इंच आहे, ती ३६ हवी" असं लिहा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. केंद्र सरकारच्या सुगम्य भारत ॲपवरही फोटो टाकता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा उल्लेख जरूर करा. सार्वजनिक जागा वापरता येण्याचा हक्क त्यात आहे. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही बाबी बंधनकारक कराव्या लागतील, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात म्हटलं आहे. पत्राचा मसुदा दुकानात ठेवलाय, हवा तर घेऊन जा.

भाड्याच्या खुर्चीबद्दल

शनिवार-रविवारसाठी दोन दिवस आधी सांगा. बसणाऱ्या व्यक्तीची उंची, वजन आणि बसल्यावर कमरेची रुंदी कळवलीत तर योग्य मापाची खुर्ची काढून ठेवता येते. खुर्चीबरोबर पंप, मोजपट्टी आणि एक फळी देतो, तिन्ही परत आणा. पंक्चरचे पैसे घेत नाही, वाकलेल्या चौकटीचे घेतो. चिखल लागला असेल तर धुवून आणायची गरज नाही. घरी पाइपनं पाण्याचा जोर मारला की बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. पुढच्या चाकांच्या आसाभोवती गवत आणि केस गुंडाळलेले असतील तर तेवढे कात्रीनं कापून काढा, बाकीचं आम्ही बघतो.