माजी सैनिकांच्या मुलांसाठी पीएम स्कॉलरशिप: फॉर्म का परत येतो, आणि तो चौघांनी मिळून का भरायचा

अ‍ॅडमिशनची धावपळ संपत आली की दरवर्षी हॉस्टेलवर तोच प्रश्न येतो, "ताई, माझा फॉर्म परत आलाय, आता काय करू?" माझे बाबा हवालदार म्हणून रिटायर झाले, मला स्वतःला ही स्कॉलरशिप मिळाली आणि तेव्हापासून ज्युनियर मुलामुलींचे फॉर्म बघून देते. मार्क चांगले असून पोरांचे पैसे कागदात अडकतात ते बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

स्कीम २००६-०७ पासून आहे, केंद्रीय सैनिक बोर्ड चालवतं, पैसे राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतात. वर्षाला ५५०० जणांना मिळते, त्यातल्या निम्म्या जागा मुलींच्या. २०१९ पासून मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५०० असा दर आहे, पण पैसे महिन्याला नाही, वर्षाचे एकदम जमा होतात, म्हणजे ३६,००० किंवा ३०,०००.

आता पात्रता, कारण निम्मे जण इथेच चुकतात. वडील किंवा आई माजी सैनिक पाहिजेत, कोस्ट गार्डमधून रिटायर झालेले पण चालतात. बाबा अजून सर्व्हिसमध्ये असतील तर ही स्कॉलरशिप नाही. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांची गृह मंत्रालयाची वेगळी स्कीम आहे, ते इथे भरू नका. कोर्स प्रोफेशनल लागतो, इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, बीएड, एमबीए असे, साधं बीए बीकॉम नाही, डिस्टन्सचं नाही. आणि फॉर्म पहिल्याच वर्षी भरायचा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांना तेवढी सूट आहे. "पुढच्या वर्षी निवांत भरू" म्हणणारी पोरं दरवर्षी भेटतात आणि त्यांना नाही म्हणून सांगताना फार वाईट वाटतं. मार्क किमान ६०% लागतात, पण ते ज्या परीक्षेवर तुम्हाला अ‍ॅडमिशन मिळाली तिचे. बीएड किंवा एमबीएवाल्यांनी ग्रॅज्युएशनचे बघायचे, बारावीची मार्कशीट अपलोड करून बसू नका.

फॉर्मसोबत ठरलेल्या नमुन्यातले दाखले जोडायचे असतात, त्यांना अ‍ॅनेक्शर म्हणतात. सगळ्यात जास्त रडवतो तो अ‍ॅनेक्शर एक, म्हणजे माजी सैनिकाचा दाखला. तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सही-शिक्क्यानिशी आणायचा. आता तिथे होतं काय, बाबांच्या डिस्चार्ज बुकात (रिटायर होताना सैन्याकडून मिळतं ते पुस्तक) फॅमिलीचं पान असतं, त्यावर तुमचं नाव आणि जन्मतारीख असते, ते पान घरात कोणी वीस वर्षांत उघडून बघितलेलं नसतं. आमच्याकडे एका मुलीचं नाव पूजा. डिस्चार्ज बुकात इंग्रजी स्पेलिंगमध्ये डबल ओ, दहावीच्या सर्टिफिकेटवर यू, आणि आधारवर परत डबल ओ पण आडनाव गायब. तिघं तीन माणसं असल्यासारखे कागद! तिचे बाबा म्हणाले अ‍ॅफिडेव्हिट करून टाकू. पण नुसत्या अ‍ॅफिडेव्हिटने सर्व्हिस रेकॉर्ड बदलत नाही, ते बदलतं बाबांच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, आणि तिथून पत्राला उत्तर यायला महिने जाऊ शकतात. म्हणून हे काम बारावीच्या सुट्टीतच सुरू करा, अ‍ॅडमिशनची वाट बघू नका. आधार आणि दहावीतला फरक मात्र आधार केंद्रावर दुरुस्त होतो, ते आधी उरका.

दुसरा त्रास अ‍ॅनेक्शर दोन, कॉलेजचं बोनाफाइड. क्लार्क म्हणतो आमचा फॉरमॅट हाच आहे, घ्यायचं तर घ्या. नका घेऊ. सैनिक बोर्डाचाच फॉरमॅट प्रिंट काढून न्या, कोर्स किती वर्षांचा हे नीट भरून घ्या आणि खाली प्रिन्सिपलची सही. एका कागदासाठी पोरांना चार-चार चकरा मारायला लावतात, मेस बुडते, लेक्चर बुडतं, कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही. अ‍ॅनेक्शर तीन बँकेचं, खातं स्वतःच्या नावाचं आणि आधारला लिंक असल्याचं मॅनेजरकडून लिहून आणा. सगळं ओरिजिनलवरून स्कॅन करा, झेरॉक्सवरून नाही.

शेवटच्या तारखेचाही घोळ होतो. ती तारीख ऑनलाइन फॉर्म सगळ्या कागदांसह सबमिट व्हायची असते, त्या दिवशी सही घ्यायला निघायची नाही. आपल्याकडे कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, राउंड लांबतात, बोनाफाइड उशिरा मिळतं, मग सगळे एकदम शेवटच्या आठवड्यात बसतात. आणि सबमिट झालं म्हणजे संपलं असं नाही, त्रुटी काढली की ईमेल येतो. ईमेल कॅफेवाल्याचा दिला असेल तर तुम्हाला कळणारच नाही, स्वतःचाच द्या.

म्हणून मी सांगते, चार-पाच जणांचा गट करा. फौजी घरातली पोरं बदल्यांमुळे तीन-चार शाळा फिरून आलेली असतात, कॉलेजात ओळखीचं कोणी नसतं, आणि एकटं असलं की क्लार्कसमोर तोंड उघडत नाही. सैनिकी वसतिगृहात असाल तर सोपंच आहे, नसाल तर कल्याण कार्यालयाच्या रांगेत भेटणाऱ्यांचे नंबर घ्या. आम्ही रात्रीचं जेवण झालं की मेसच्या टेबलावर कागद मांडायचो, एकीने दुसरीचा फॉर्म मोठ्याने वाचायचा, तिसरीने कागदावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचं. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, दुसरीला लगेच दिसते. पूजाच्या आधारवर आडनाव नाही हे असंच सापडलं होतं.

फॉर्म झाला तरी गट मोडू नका, त्याचा अभ्यासगट करा. पुढच्या वर्षीचे पैसे मिळायला प्रत्येक वर्षी किमान ५०% लागतात आणि पहिल्या वर्षी मॅथ्स किंवा मेकॅनिक्समध्ये भलेभले अडकतात. आमच्यात जिला जो विषय येतो तिने रविवारी तो बाकीच्यांना शिकवायचा असं ठरलेलं होतं, दोन तास, फोन बाजूला.

आणि आज रात्रीच बाबांना फोन करून डिस्चार्ज बुकाच्या फॅमिलीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.