वळण चुंबकाचं की ॲक्सिऑनचं?

विश्व साधारण 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरी होऊन आकाशाच्या सगळ्या बाजूंनी आपल्याकडे येतो. तो किंचित ध्रुवीकृत आहे, म्हणजे त्याची कंपनं ठरावीक दिशेकडे झुकलेली असतात. ही दिशा वाटेत वळू शकते. ती दोन कारणांनी वळते, आणि बातम्यांमध्ये या दोन्हींची हमखास सरमिसळ होते.

पहिलं कारण फॅरेडे परिणाम. मायकेल फॅरेडे यांना तो 1845 मध्ये काचेत दिसला. अवकाशात त्यासाठी मोकळे इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाच्या वाटेला समांतर चुंबकीय क्षेत्र, दोन्ही लागतात. वाट जितकी लांब तितकं वळण साचत जातं. दुसरं कारण वैश्विक द्विअपवर्तन. ॲक्सिऑनसारख्या, अजून न सापडलेल्या अतिशय हलक्या कणाचं क्षेत्र विश्वभर पसरलेलं असेल आणि काळानुसार बदलत असेल, तर तेही ही दिशा वळवतं. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते, की इथे वाटेत काय काय लागलं याला महत्त्वच नाही. प्रकाश निघाला तेव्हाचं क्षेत्र आणि पोहोचला तेव्हाचं क्षेत्र, एवढ्या फरकावर वळण ठरतं.

मग ओळखायचं कसं? वारंवारता बदलून पाहायची. फॅरेडे परिणाम तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: 30 गिगाहर्ट्झवर जे वळण दिसेल, ते 90 गिगाहर्ट्झवर नवव्या हिश्श्यावर येईल. ॲक्सिऑनचं वळण मात्र दोन्हीकडे सारखंच. शिवाय चुंबकीय रेषेला टोक नसतं. एकीकडून आत आलेली रेषा दुसरीकडून बाहेर जाते, त्यामुळे आकाशात कुठे उजवं तर कुठे डावं वळण दिसतं. ॲक्सिऑनचं क्षेत्र एकसारखं असेल तर सगळं आकाश एकाच बाजूला, एकाच कोनात वळतं.

2020 मध्ये युतो मिनामी आणि एइचिरो कोमात्सू या संशोधकांनी याच सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांतून असा कोन काढला: 0.35 अंश, अनिश्चितता 0.14. घड्याळाचा मिनिटकाटा साडेतीन सेकंदांत सरकतो, तेवढा. पण खरी पंचाईत वेगळीच आहे. उपग्रहावरचा शोधक, म्हणजे प्रकाश टिपणारं उपकरण, बसवतानाच तेवढा तिरका बसला असेल, तरी सगळं आकाश एकाच कोनात वळलेलं दिसणार! त्यांनी आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची मदत घेतली. धूळ जवळची, तिच्या प्रकाशाला ॲक्सिऑनमुळे वळण्याइतका प्रवासच घडत नाही. म्हणून तिच्यात दिसणारा तिरकेपणा उपकरणाचा धरायचा आणि वजा करायचा. मात्र धुळीच्या प्रकाशातच मुळात असा कल असेल, तर हिशोब बिघडतो. ही शंका मला गंभीर वाटते.

पुढे 2022 मध्ये वेगवेगळ्या वारंवारता ताडून पाहिल्या, तेव्हा कोन जवळपास स्थिर राहिला, फॅरेडे परिणामासारखा घसरला नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्राचा दावा मागे पडतो. पण म्हणून ॲक्सिऑन सापडला, असं आज म्हणणं घाईचं आहे. तिरका शोधक आणि धूळ अजून हिशोबातून सुटलेली नाहीत.